मदत हवी आहे: २०४८ चा डाव १०२४ च्या पुढे जातच नाही

तिरपीचाल:
ब्राउझरमध्ये फुकट खेळायचा २०४८. चार बाय चारचा पट, सारख्या आकड्यांचे ठोकळे एकमेकांत सरकवायचे आणि दुप्पट करत २०४८ चा ठोकळा बनवायचा. प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरात नवा २ किंवा ४ येतो. १०२४ होतो, शेजारी ५१२ पण जमतो आणि तिथेच पट भरून डाव संपतो. गुण दर वेळी १४ ते १५ हजार. मोठा ठोकळा खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा हे माहीत आहे. डावा आणि खालचा बाण वापरते, अडलं की उजवा. तरी कधीतरी तो कोपऱ्यातून सुटतो आणि त्याच्या जागी २ येऊन ठाण मांडतो. कुठे चुकतंय?
दुसरं, बाणांऐवजी डब्ल्यू-ए-एस-डी बटणं वापरली की अधूनमधून चालू डाव न विचारता पुसला जातो. हा कीबोर्डचा दोष की खेळाचा?

सोळाघरं:
दुसऱ्याचं उत्तर सोपं. मूळ खेळात आर बटण म्हणजे नवा डाव, आणि ते खात्री करून घेत नाही. डी च्या लगेच वर आर आहे, बोट घसरलं की हजार चालींचा डाव गेला. बाण वापरा, किंवा एच (डावीकडे), जे (खाली), के (वर), एल (उजवीकडे). तीही चालतात आणि आर पासून लांब आहेत.

आता कोपरा. उजवा बाण कधी दाबता याला महत्त्व आहे. खालची ओळ चारही घरं भरलेली असेल आणि शेजारी-शेजारी सारखे आकडे नसतील, तरच उजवा बाण सुरक्षित, कारण मग ती ओळ हलतच नाही. ओळीत तीनच ठोकळे असताना उजवा दाबला की १०२४ सरकतो आणि कोपरा रिकामा होतो. नवा ठोकळा कुठल्याही रिकाम्या घरात सारख्याच शक्यतेने येतो. डावाच्या सुरुवातीला दहा घरं रिकामी असतात, म्हणजे तो कोपऱ्यात पडण्याची शक्यता दहात एक. १०२४ झाल्यावर तीनच रिकामी असतील तर तिनात एक! तीच चूक सुरुवातीला खपते आणि शेवटी डाव बुडवते, ती अशी.

सारखे दोन शेजारी आले की विशेष जपा. खाली ५१२, २५६, ६४, ६४ असताना उजवा दाबलात तर सगळी ओळ सरकते. डावा दाबा: ५१२, २५६, १२८ आणि एक घर रिकामं. ते खालच्या बाणाने भरेपर्यंत उजव्याला हात लावू नका.

नागमोडी:
गुणांवरूनही अंदाज येतो. १४,८०० च्या आसपास गुण म्हणजे १०२४, ५१२ आणि २५६ पटावर आहेत. २०४८ साधारण २०,००० ला होतो. एका चालीत पटावरची बेरीज सरासरी २.२ ने वाढते (नवा ठोकळा दहात नऊ वेळा २, एकदा ४), म्हणून २०४८ ला सुमारे ९३० चाली लागतात. तुम्ही आठशेच्या पुढे पोचताय. म्हणजे हात बसलाय, रांग लावायची राहिलीय.

खालची ओळ डावीकडून ५१२, २५६, १२८, ६४. तिच्यावरची ओळ उलटी: ४, ८, १६, ३२. म्हणजे ३२ हा ६४ च्या डोक्यावर. आता ४ च्या वरच्या घरात आणखी एक ४ आणा आणि खाली दाबा.

तिरपीचाल:
मग वरची ओळ ८, ८, १६, ३२ होते. डावा दाबायचा ना?

नागमोडी:
नाही, इथेच बहुतेकांचं बिनसतं. डावीकडे ढकलत गेलात तर शेवटी ६४ बनतो तो ५१२ च्या डोक्यावर, जिथे त्याला जोडीदार नाही. उजवा दाबा. खालची ओळ भरलेली आहे, ती हलणार नाही. तीनदा उजवा: १६-१६-३२, मग ३२-३२, मग एकच ६४, तोही खालच्या ६४ च्या बरोबर वर. एका चालीत झालेला नवा ठोकळा त्याच चालीत पुन्हा जुळत नाही, म्हणून तीन चाली. मग खाली एकदा, डावीकडे तीनदा आणि १०२४ कोपऱ्यात! मधे येणारे २ बहुतेकदा मागे राहतात. पण नवा ठोकळा कुठे पडला हे प्रत्येक चालीनंतर बघा.

तिरपीचाल:
हे जमलं! पण डावा, उजवा, खाली तिन्ही अडले तर?

सोळाघरं:
मग वर दाबावाच लागतो. एरवी कोपऱ्याचा उभा रकाना पूर्ण भरलेला असेल आणि त्यात लागोपाठ सारखे आकडे नसतील, तर वर दाबूनही मोठा ठोकळा हलत नाही. म्हणून डाव्या रकान्यात जागा मोकळी ठेवू नका. पण तिन्ही अडलेले असताना रकाना भरलेला नसतोच, तेव्हा वर दाबल्यावर लगेच खाली दाबा.

कोपऱ्यात २ बसलाच तर डाव सोडू नका. त्याच्या डोक्यावर दुसरा २ आणा आणि १०२४ चा रकाना असाच भरून घ्या. मग वर दाबा: दोन्ही २ जुळून वर जातात, १०२४ जागेवर राहतो, कोपरा मोकळा. नवा ठोकळा तिथे पडला नाही तर लगेच डावा.

खिडकीबाहेर:
एक भर. हा खेळ गाब्रिएले चिरुल्ली यांनी मार्च २०१४ मध्ये केला आणि त्याचा कोड खुला ठेवला, म्हणून नकला ढिगाने आहेत. खेळायला खातं किंवा डाउनलोड लागत नाही. असं काही मागणारी पानं बंद करा. चालू डाव आणि सर्वोच्च गुण त्या ब्राउझरातच साठतात. टॅब बंद केला तर डाव टिकतो, पण खाजगी खिडकीत खेळलात किंवा साइटचा डेटा पुसलात तर दोन्ही जातात. नवे गुण झाले की पटाचं चित्र काढून ठेवा.