पैठणचा कॅनॉल आणि काळं रान

एका भावाने विचारलंय, की आपल्याकडे डोंगर नाहीत, मग पैठणसारख्या गावात एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) घेऊन करायचं काय? भाऊ, कॅनॉल आहे की! जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२. पाणी आपोआप वाहावं म्हणून कालव्याला उतार अगदी नावापुरता असतो. त्यामुळे काठच्या मुरमाच्या वाटेवर नवख्याचाही तोल लवकर बसतो. खरी कसरत गोदाकाठच्या पायवाटांवर.

एक मात्र जीव तोडून सांगतो: पाऊस झाल्यावर दोन दिवस तरी काळ्या रानात शिरू नका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. मागच्या श्रावणात सायकल खांद्यावर घेऊन दोन किलोमीटर चाललो. शेवटी एका शेतकरी काकांनी विळ्याने चिखल खरवडून दिला, वर चहाही पाजला. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, भेगेत चाक अडकतं. हिवाळा सगळ्यात चांगला; नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पाहुणे पक्षीही तेव्हाच येतात, पहाटे निघालात तर थांबून बघाच.

वेड्या बाभळीचे काटे म्हणजे ट्यूबचा काळ. जमलं तर ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) भरा. आणि धरणातून पाणी सोडलेलं असेल तर नदीपात्रात अजिबात उतरू नका, गावात आधी विचारून घ्या.