२३ सप्टेंबर : आधी असई, मग हैफा

गाविलगड (धागाकर्ता)

दरवर्षी २३ सप्टेंबर आला की हैफाच्या लढाईचे संदेश फिरू लागतात. फिरावेतच. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, याच दिवशी इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी (या संस्थानांच्या घोडदळांनी) मशीनगनच्या माऱ्यात घोडे घातले आणि तुर्कांकडून आजच्या इस्रायलमधलं हैफा बंदर जिंकून घेतलं. पण त्याच तारखेला, त्याआधी ११५ वर्षं, १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असईची लढाई झाली. तिच्याबद्दल मराठीत एक ओळही कुणी लिहिताना दिसत नाही. मराठी माणसाने या दिवशी आधी असई आठवावी, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवशी काय घडलं ते थोडक्यात सांगतो. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरली होती. समोर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी येईपर्यंत थांबायचं त्याने नाकारलं. वाटाडे म्हणाले, नदीला उतार (पाण्यातून पार होण्याजोगी जागा) नाही. त्याने दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ताडलं की इथे उतार असणारच. तो पार झाला. त्याची अपेक्षा होती की मराठी फौजेला बगलेवर गाठू. पण शिंद्यांच्या कवायती पायदळाने सगळी फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. शत्रूसमोर अशी हालचाल करायला किती कवायत लागते, याचा विचार करा. मराठे म्हणजे फक्त गनिमी कावा, ही समजूत ठेवणाऱ्यांनी ही एक हालचाल तरी अभ्यासावी.

आणि गोलंदाज! इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले आपले गोलंदाज उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांवर पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला मागे वळून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. इंग्रजांचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त माणसं. आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतः वेलिंग्टन म्हणत असे की आपण लढलेल्यांत असई सर्वांत उत्तम. ज्या गोलंदाजांमुळे त्याला असं म्हणावं लागलं, त्यांना आपण विसरावं?

रिसालदार

गाविलगड, तुमची तळमळ पोचली. तरी ठाम असहमती नोंदवतो. पराभवाचा दिवस पाळायचा कशासाठी? हैफाला स्वारांच्या एका बाजूला किशोन नदीची दलदल, दुसऱ्या बाजूला कार्मेल डोंगरावर तोफा. तरीही ते गेले. मेजर दलपतसिंह शेखावत तिथेच पडले. आपले ८ ठार आणि ३४ जखमी. कैदी पकडले १३५०, तोफा मिळाल्या १७. सैन्यातली ६१ वी कॅव्हलरी आजही २३ सप्टेंबर हा हैफा दिन म्हणून पाळते. दिल्लीत तीन मूर्तींचं स्मारक १९२२ पासून उभं आहे आणि २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावात हैफा आलं. शंभर वर्षांनी त्या स्वारांना थोडा उजेड मिळाला, तर लगेच त्यांच्यापुढे दुसरं काही आणून ठेवायचं, हे मला पटत नाही.

दुसरी बाब सैन्यातली. असईचा युद्धसन्मान (पलटणीने अभिमानाने मिरवायचं लढाईचं नाव) ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढलेल्या मद्रासी पलटणींना मिळाला होता. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने ठरवलं की आपल्याच लोकांविरुद्धच्या लढायांचे सन्मान मिरवायचे नाहीत. असई त्या यादीत आहे. तो निर्णय योग्यच होता.

गाविलगड

सन्मान मिरवू नये, हे मलाही मान्य. पण सन्मान नाकारणं वेगळं आणि लढाई विसरणं वेगळं. कंपनीने ७४ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीला असईसाठी हत्तीचं चिन्ह असलेला खास ध्वज दिला. त्या पलटणीने असई जपली, कारण तिथे त्यांची माणसं कापली गेली होती. ज्यांनी कापली त्यांच्या वारसांकडे काय आहे?

शके१६८२

मला या दोन्ही बाजूंच्या पायाबद्दलच शंका आहे. तारखेवरून इतिहास लावणं ही पद्धतच घातक. २३ सप्टेंबर १७७९ ला इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फ्लँबरो हेडला जॉन पॉल जोन्सने ब्रिटिश युद्धनौका पकडली. आता तिलाही असई आणि हैफाच्या ओळीत बसवायचं का? २५ ऑक्टोबर घ्या. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्ट, १८५४ मध्ये बालाक्लाव्हा, १९४४ मध्ये लेटेच्या आखातात जपानी आरमाराचा धुव्वा. आणि १८०२ मध्ये ऐन दिवाळीत पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. यांच्यात काय नातं आहे? शिवाय अ‍ॅजिनकोर्टची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगातली. आजच्या हिशेबाने तो दिवसच वेगळा.

तारखेचा मोह आपल्याला आधीच एकदा नडलेला आहे. पानिपत १४ जानेवारीला झालं, म्हणून संक्रांतीच्या दिवशी झालं असं सर्रास लिहिलं जातं. १७६१ साली संक्रांत त्याच्या चार-एक दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा. आजची तारीख मागे ढकलून लोकांनी संक्रांत रणांगणावर नेऊन ठेवली.

असई समजायची तर त्या वर्षाची साखळी पाहा. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. पुढच्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला गेला, ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांची उत्तरेतली फौज मोडली, मग असई, १ नोव्हेंबरला लासवारी, महिनाअखेर अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड (धागाकर्त्यांनी नाव विचार करूनच घेतलं असावं), आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. वसईपासून मोजलं तर बरोबर एक वर्ष. यातला एकच दिवस कॅलेंडरवर टांगला की लोकांना वाटतं मराठे एका दुपारी हरले.

भोकरदनकर

आमच्या भागाचा विषय निघाला म्हणून लिहितोय. केळनेच्या काठी उभं राहिलं की वेलस्लीचं डोकं कसं चाललं ते कळतं. या काठाला पिंपळगाव, त्या काठाला वरूड. दोन गावांचे सोयरसंबंध, बाजारहाट असणार, मग पाण्यातून वाट असणारच. आमच्या आजीलाही हे कळलं असतं. प्रश्न हा पडतो की शिंद्यांच्या फौजेला त्या उतारावर पहारा ठेवावासा का वाटला नाही? दौलतराव आणि रघूजी घोडदळासह जवळच होते, पण पायदळ मार खात असताना ते घोडदळ नेटाने उतरलंच नाही. शके१६८२ यांना सांगतो, तारीख महत्त्वाची नसेल, पण त्या एका दिवशी पोरं इकडे फिरकली तर जागा तरी बघतील. साखळी वाचायला नंतर आयुष्य पडलंय.

माधवी_अ

आमच्या घरात २३ सप्टेंबरचा अर्थ वेगळाच आहे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात या दिवशी पहाटे साडेतीन वाजता युद्धविराम लागू झाला. माझे वडील सियालकोट आघाडीवर होते. पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे कर्नल तारापोर १६ तारखेला पडले, तेव्हा वडिलांना शेजारच्या तुकडीत ती बातमी कळली होती. लाहोरजवळचं डोगराई गाव तर युद्धविरामाला जेमतेम दीड दिवस उरलेला असताना, २१-२२ च्या रात्री ३ जाट पलटणीने घेतलं. त्या दीड दिवसात गेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझी आई नेहमी बोलून दाखवायची. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, म्हणजे महाराष्ट्राशी नातंही शोधावं लागत नाही. ज्यांच्या घरात अजून माणसं जिवंत आहेत ते युद्ध सोडून आपण १८०३ आणि १९१८ मध्ये भांडतोय, याचं मला वाईट वाटतं.

रिसालदार

माधवीताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. हे इथे यायलाच हवं होतं.

गाविलगड

ताई, तुमचं म्हणणं डोक्यावर. वडिलांच्या आठवणी लिहून ठेवल्या असतील तर कृपया इथे द्या.

शके१६८२ यांना मात्र उत्तर द्यायलाच हवं. फ्लँबरो हेडचा आणि असईचा संबंध नाही, मान्य. पण असई आणि हैफा यांचा योगायोग निव्वळ कॅलेंडरचा नाही. १८०३ ला वेलस्लीच्या फौजेत म्हैसूरचं घोडदळ होतं. पेशव्यांकडून आलेले मराठे स्वारही होते. स्टीव्हन्सनबरोबर निजामाची फौज होती, आणि असई गाव तेव्हा निजामाच्याच मुलखात. १७९८ ला निजामाने आणि १७९९ ला म्हैसूरने तैनाती फौजेचा करार पत्करला होता. आता १९१८ ची ब्रिगेड पाहा: जोधपूर, म्हैसूर, हैदराबाद. म्हैसूरचे स्वार दोन्ही २३ सप्टेंबरांना इंग्रजांच्याच बाजूने घोड्यावर होते! हैफाच्या स्वारांचं शौर्य त्याने तसूभर कमी होत नाही. पण ते स्वार हैफाला इंग्रजी झेंड्याखाली का होते, याचं उत्तर असईसारख्या रणांगणांवर आहे. म्हणून आधी असई.

रिसालदार

तुमचा हा धागा मला पटतो आणि तरी टोचतो. दलपतसिंहांच्या फोटोखाली कुणी तैनाती फौजेचा करार लिहिला, तर वाचणारा त्यांना भाडोत्री समजेल. तो अन्याय होईल. भाडोत्री म्हणायचं तर असईला शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन होता, हॅनोवरचा जर्मन, आधी कंपनीच्याच चाकरीत असलेला आणि युद्धानंतर पुन्हा कंपनीकडे गेलेला. कंपनीने जाहीरनामा काढताच शिंद्यांचे कित्येक इंग्रज अधिकारी लढाईआधीच सोडून गेले. तेही लिहा.

गाविलगड

लिहीनच. अधिकारी निघून गेले तरी तोफांजवळचा माणूस जागचा हलला नाही, माझा सगळा आग्रह त्याच्यासाठीच आहे. त्याचं नाव कुठल्या कागदात नाही. इंग्रजांच्या हाती जवळपास १०० तोफा लागल्या, त्यांची मोजणी झाली.

शके१६८२

म्हैसूरचा मुद्दा चांगला आहे, घेतला. पण तो तारखेने सिद्ध होत नाही, १७९९ च्या कराराने होतो. लढाई २४ सप्टेंबरला झाली असती तरी तुमचं विधान तितकंच खरं राहिलं असतं. यंदाच्या संदेशात तारीख मोठ्या अक्षरात लिहिण्याऐवजी ते वर्षभराचं वेळापत्रक द्या. मजकूर मी तपासून देतो.

भोकरदनकर

वेळापत्रकाबरोबर केळनेचा नकाशाही टाका. पिंपळगाव-वरूडचा उतार मी खूण करून पाठवतो.