दिवाळखोरीचे आकडे चढतायत, म्हणून उधारी बंद करू का?

पुठ्ठेवाला
मी पुठ्ठ्याची खोकी बनवून पुरवतो. गिऱ्हाइकं मोजकी आणि सगळी उधारीवरची. गेल्या महिन्यात त्यातल्या एका कंपनीवर नादारीची प्रक्रिया सुरू झाली आणि माझी चार बिलं लटकली. मला कळलं कसं, तर टेम्पो गेटवर गेला तेव्हा वॉचमन म्हणाला, ‘आता सही करणारे साहेब बदललेत, माल उतरवू नका.’ खोक्यांवर त्यांचंच नाव छापलेलं. दुसऱ्या कुणाला देताही येत नाहीत, गोडाऊनमध्ये थप्पी पडून आहे.

तेव्हापासून याच बातम्या वाचतोय. इंग्लंड-वेल्समध्ये 2023 साली 25 हजारांवर कंपन्या बुडाल्या, 1993 नंतरचा सर्वांत मोठा आकडा. जपानमध्ये 2024 मध्ये दहा हजारांच्या वर, तेही 2013 नंतर पहिल्यांदा. मुलगा म्हणतो, बाबा, लाट आलीय, सगळ्यांना रोखीवर आणा. रोखीवर आणलं तर निम्मी गिऱ्हाइकं उद्याच दुसरीकडे जातील. या आकड्यांवरून काही ठरवावं का?

रोखठोक
बंद करा. एकदा हात पोळले तेव्हापासून आमच्याकडे आधी पैसे, मग माल. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, रात्री झोप लागते.

जुनी किर्द
रोखठोक यांची झोप त्यांना लखलाभ, पण सगळ्यांचे धंदे रोखीवर चालत नाहीत.

मी नादारीची कामं बघणाऱ्या एका कार्यालयात दावे तपासतो. चौदा वर्षं झाली. आधी अवसायनाच्या, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या फायली होत्या, 2016 नंतर नव्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या. त्यामुळे आकड्यांबद्दल थोडं सांगतो. हा आकडा बुडालेल्यांचा नसतो, कागदोपत्री नोंद झालेल्यांचा असतो. दोन्हींत कधी कधी वर्षांचं अंतर पडतं.

अमेरिकेचंच बघा. तिथे 17 ऑक्टोबर 2005 पासून दिवाळखोरीचा कायदा कडक होणार होता. त्या वर्षी 20 लाखांवर अर्ज आले, पुढच्या वर्षी जेमतेम 6 लाख. एका वर्षात तिथली माणसं कर्जातून वर आली होय? दार बंद होण्याआधी सगळे आत घुसले, एवढंच.

कोविडमध्ये उलटं झालं. आपल्याकडे अर्जासाठी लागणारी थकबाकी मार्च 2020 मध्ये 1 लाखावरून 1 कोटीवर नेली. शिवाय 25 मार्च 2020 पासून वर्षभरात जे हप्ते थकले, त्यांवरून संहितेखाली अर्ज करताच येत नाही, आजही नाही. इंग्लंडमध्येही त्या काळात कंपन्या बंद करायचे अर्ज अडवले होते. जपानने बिनव्याजी, बिनतारणाची कर्जं वाटली. त्यामुळे कागदोपत्री ती वर्षं ठणठणीत दिसतात. नंतरच्या आकड्यांत जो फुगवटा दिसतो, त्यात तेव्हा टेकूवर उभी राहिलेली बरीच मंडळी आहेत. आणि इंग्लंडमध्ये मधल्या काळात कंपन्यांची एकूण संख्याच दुपटीहून वाढली. दर दहा हजार कंपन्यांमागे किती बुडाल्या असं मोजलं, तर 2023 साल 2008-09 च्या मंदीपेक्षा पुष्कळ बरं होतं. ही ओळ बातमीच्या मथळ्यात येत नाही.

आता तुमच्या कामाचं. दाव्यांसोबत पुरवठादारांचे खातेउतारे येतात. शेकडो चाळलेत, आणि शेवटचं वर्ष बहुतेकांत एकाच चालीने जातं. आधी बिलागणिक पैसे येतात, अगदी पैशांपर्यंत जुळणारे. मग गोल रकमा यायला लागतात, ‘खात्यावर जमा करा’ म्हणून, कुठल्या बिलापोटी ते सांगत नाहीत. मग इतकी वर्षं चाललेल्या मालात अचानक खोट निघते, आणि तीही माल पोचून तीन महिने झाल्यावर. अकाउंट्समधला जुना माणूस सोडून जातो. शेवटी एक गोष्ट होते, जिला सगळे फसतात: ऑर्डर वाढते. आपल्याला वाटतं, वा, भरभराट. खरं तर बाकीच्या पुरवठादारांनी माल थांबवलेला असतो आणि त्यांच्या वाट्याचं आपल्या गळ्यात पडतं.

शिवाय गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक टाकून त्याने शेवटचं रिटर्न कधी भरलं, ते पोर्टलवर कुणालाही दिसतं. दर महिन्याला पाच मिनिटं. जपानच्या आकड्यापेक्षा ते जास्त कामाचं.

पुठ्ठेवाला
काय बोलू? शेवटची ऑर्डर दीडपट होती. मी घरी मिरवलं होतं. आणि गोल रकमा तर सहा महिने येत होत्या, मी खूश, काहीतरी येतंय म्हणून.

उंबरठा
कंपन्यांचं कळलं. माणसांचं काय? माझ्या धाकट्या दिरांनी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती. सही करताना बँकेतला माणूस म्हणाला, ‘ही नुसती औपचारिकता.’ कंपनीची प्रक्रिया सुरू झाल्यावर नोटीस घरच्या पत्त्यावर आली, त्यांच्या नावाने. सासूबाईंना अजून वाटतं कुणीतरी चूक केलीय.

जुनी किर्द
वहिनी, चूक नाही. हमीदारांसाठीची कलमं 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहेत. शेकडो जणांनी आव्हान दिलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये ती वैध ठरवली. कंपनीचं कर्ज तडजोडीत मिटलं म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. दिरांना सांगा, नोटीस कपाटात ठेवू नका. बँकेच्या अर्जावर अहवाल तयार होताना म्हणणं मांडायची संधी असते. वकील आत्ताच गाठा.

बाकी साध्या माणसाच्या, म्हणजे हमीदार नसलेल्याच्या नादारीला आपल्याकडे अजून 1909 आणि 1920 चे कायदेच आहेत. 1920 च्या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम 500 रुपये लिहिलीय, ती तशीच. त्या वाटेला फारसं कुणी जात नाही. म्हणून क्रेडिट कार्डात किंवा मोबाइल ॲपच्या कर्जात बुडालेला माणूस आपल्या कुठल्याच आलेखावर येत नाही. इंग्लंडमध्ये छोट्या कर्जदारांना कर्जमुक्तीचा आदेश घ्यायला 90 पौंड भरावे लागत, एप्रिल 2024 मध्ये ती फी काढून टाकली आणि अर्ज एकदम वाढले. कंगाल माणसाकडे कंगाल ठरायला पैसे नव्हते. तो चढता आलेख मला तरी वाईट बातमी वाटली नाही.

रोखठोक
हे मात्र खरं.

जुनी किर्द
पुठ्ठेवाले, तुमच्या चार बिलांसाठी फॉर्म बी, म्हणजे पुरवठादाराच्या दाव्याचा अर्ज, भरा. बिलांसोबत माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनं जोडा, जाहीर सूचनेतली तारीख चुकवू नका. फार आशा ठेवू नका. निर्णय घेणाऱ्या धनकोंच्या समितीत मत बँकांचं, पुरवठादार रांगेत बराच मागे. पण प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेल्या मालाचे पैसे हा प्रक्रियेचा खर्च, आणि तो सर्वांच्या आधी चुकता करावा लागतो. कारखाना चालू असेल तर त्यांना खोकी लागणारच. नव्या साहेबांना लेखी विचारा, लेखी ऑर्डर घ्या, जुन्या बिलांची गोष्ट त्यात मिसळू नका.

पुठ्ठेवाला
काल जाऊन आलो. कारखाना चालू आहे. त्यांचा माणूस आज गोडाऊनला येऊन थप्पी मोजून गेला. ऑर्डर मेलवर आलीय, पैसे आठ दिवसांत म्हणतात. टेम्पो उद्या सकाळी. मुलाला बाकीच्या गिऱ्हाइकांचे उतारे काढायला बसवलंय, गोल रकमांखाली लाल रेघ मारतोय. आतापर्यंत दोघं सापडले.