पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय सुधारायचं, हे मतं मोजून ठरवावं का?

जुळारी
पानमांडणीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरसाठी वापरणाऱ्यांच्या मागण्यांची यादी असते. जिला जास्त मतं, ती मागणी वर. माझा या पद्धतीला विरोध आहे. मी पुस्तकांची पानं लावतो, आणि पुस्तकाच्या गरजा या यादीत कायम तळाशी पडलेल्या पाहतो. इनडिझाइन हे पानमांडणीचं सॉफ्टवेअर १९९९ साली आलं. तळटिपा त्यात २००५ च्या सीएस२ या आवृत्तीत आल्या, अंत्यटिपा, म्हणजे शेवटी एकत्र येणाऱ्या टिपा, तर २०१७ मध्ये. अफिनिटी पब्लिशर २०१९ चं, पण तळटिपांसाठी २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

ही सोय नसते तेव्हा काय होतं ते सांगतो. प्रत्येक टिपेसाठी पानाच्या तळाशी वेगळी चौकट हाताने बसवायची. एकदा लेखकाने तिसऱ्या प्रकरणात एकच परिच्छेद वाढवला आणि पुढच्या साठेक पानांवरच्या चौकटी मी एकेक करून सरकवल्या. तरी एक टीप आधीच्या पानावर राहिली आणि तिचा आकडा पुढच्या पानावर गेला. ते लक्षात आलं छापून आल्यावर. त्या पुस्तकाची आठवण झाली की आजही वाईट वाटतं.

निळी_शाई
जुळारी, त्रास खरा आहे, पण दोष चुकीच्या ठिकाणी लावताय. तळटिपा उशिरा आल्या म्हणजे मतदानामुळेच आल्या, असं कसं म्हणता? ते काम मुळात अवघड आहे. टिपेचा आकडा पानाच्या शेवटच्या ओळीत आहे असं समजा. टीप तळाशी बसवली की जागा कमी पडते, म्हणून ती ओळ पुढच्या पानावर जाते. ओळीबरोबर टीपही गेली, की इथे जागा मोकळी होते आणि ओळ परत येऊ पाहते. हा फेरा कुठे तोडायचा, टीप दोन पानांत विभागायची का, दोन स्तंभ असतील तर ती कोणाच्या खाली, हे सगळं आधी ठरवावं लागतं. हजार मतं पडली म्हणून ते महिन्यात होत नाही.

मी नियतकालिकं आणि माहितीपत्रकं करते. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली चूक मागे घ्यायला एकच पायरी मिळायची. त्याने तुम्हीही वैतागला असाल, मीही वैतागले. सगळ्यांना रोज टोचणारी गोष्ट मतांतूनच दिसते. मतं नकोत तर ठरवणार कोण? चार प्रोग्रामर?

जोडाक्षर
एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली. ज्याचं काम त्या सॉफ्टवेअरमध्ये होतच नाही, तो मत द्यायला तिथे थांबत नाही.

देवनागरीचंच बघा. ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते आणि दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. हा क्रम न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्थिती'ची पहिली वेलांटी 'त'वर जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. असं पहिलंच पान पाहिलेला माणूस सॉफ्टवेअर काढून टाकतो, मागणी नोंदवत बसत नाही. स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझच्या (अक्षरांची जुळणी करणाऱ्या प्रणालीच्या) मदतीने अशा लिप्यांची नीट जुळणी आली २०१७ मध्ये, तीही १.५.३ या विकासातल्या आवृत्तीत. स्थिर १.६.० यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. तोवर तिथल्या मतांत देवनागरीवाले किती दिसले असतील? थोडेच. म्हणून गरज थोडी होती असं म्हणायचं का?

स्थिर_ओळ
माझं मत दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं. नवं काही नकोच. डोनाल्ड कनूथ यांनी टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि १९९० मध्ये त्यात भर घालणं थांबवलं. तेव्हापासून फक्त चुकांची दुरुस्ती, आणि दर दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात गणितातल्या पाय (π, ३.१४…) या संख्येचा पुढचा एक अंक वाढतो. जुनी फाइल आजही तशीच ओळी तोडते. मला हाच भरवसा हवा.

जुळारी
स्थिर_ओळ, टेकमध्ये तळटिपा पहिल्यापासून होत्या. पोटभर जेवल्यावर स्वयंपाक बंद करा म्हणणं सोपं असतं.

निळी_शाई, काम अवघड असल्याचा तुमचा मुद्दा मान्य, उशीर झाला तो केवळ मतांमुळे हे मला सिद्ध करता येणार नाही. पण जोडाक्षर यांनी जे सांगितलं तेच मला म्हणायचं होतं आणि नीट मांडता आलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं: प्रत्येक मागणीसोबत एक खरी फाइल जोडायला लावा. पान कुठे मोडतं ते तिच्यात दिसू दे. ज्या अडचणीवर हातानेही मार्ग काढता येत नाही, ती आधी घ्या, मग तिला तीनच मतं का असेनात.

निळी_शाई
फाइल जोडायची कल्पना मला पटली. नुसतं 'तक्ते सुधारा' लिहिण्यापेक्षा तक्ता दुसऱ्या पानावर गेल्यावर शीर्षकाची ओळ गायब होते, हे फाइलमधून लगेच कळतं. पण तीन मतांची मागणी सहाशे मतांच्या आधी घ्यायला मी तयार नाही. तुमची तळटीप शेवटी हाताने बसली ना? साठ पानं सरकवून का होईना, बसली. म्हणजे तुमच्याच कसोटीवर ती मागे पडते आणि देवनागरी पुढे जाते.

जुळारी
हो, जाते. आणि जायलाच हवी.