मोठ्यांसाठी नवी मराठी विज्ञान कादंबरी : मिळत नाही, की आपण मागत नाही?

परभणीकर
आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात मोठ्यांसाठी विज्ञान कादंबरी मागितली, तर थेट बालविभागाकडे बोट दाखवलं. नारळीकर सरांची ‘प्रेषित’ तिथं घरगुती प्रयोगांच्या पातळ पुस्तकांना खेटून उभी होती. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर बरीच वर्षं शिक्काच नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. चाळिशीतल्या माणसानं वाचावी अशी नवी विज्ञान कादंबरी मराठीत शोधायची काही सोयच नाही. कृष्णविवर समजावून सांगणारी नको, ते शाळेत झालं. जमीन, कर्ज, म्हातारे आईवडील यांच्यात विज्ञान शिरल्यावर माणसाचं काय होतं ते सांगणारी हवी. कुणी वाचली असेल तर नाव आणि प्रकाशक सांगा.

गोदाकाठ, नांदेड
दादा, पटलं नाही. आपलं विज्ञानसाहित्य वाढलं ते कथेवर आणि दिवाळी अंकांवर. नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावानं कथा पाठवली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, सगळे कथाकार म्हणूनच घराघरांत पोचले. जावडेकरांची कथा वाचा आणि ती लेकरांची आहे हे मला दाखवून द्या. तुम्ही कादंबरीवर अडून बसलात म्हणून तुमच्या हाती काही लागत नाही. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत नवीन नावं हेरा, मग त्या लेखकाची पुस्तकं मागवा. मी असंच करतो.

लातूरची वाचक
गोदाकाठ दादा, कथांबद्दल तक्रार नाहीच. पण कथा कल्पना मांडते आणि थांबते. त्या कल्पनेसोबत तीन पिढ्या जगायचं तर कादंबरीच लागते. चीनचं बघा. ल्यू त्सिशिन हा वीज केंद्रातला संगणक अभियंता. त्याची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ २००६ साली मासिकात क्रमशः आली आणि इंग्रजी अनुवादाला विज्ञानसाहित्याचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिची सुरुवात परग्रहावर होत नाही, सांस्कृतिक क्रांतीतल्या मारहाणीत होते. त्यांनी स्वतःची जखम घेतली.

आपल्याकडे काय कमी आहे? भूकंप होणारच नाही असं मानलेल्या पठारावर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळलं, दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या लातूरला पाणी आलं. स्टेशनवर पाण्याची गाडी बघायला गर्दी जमली होती. पन्नास वर्षांनी त्या गाडीचा मालक कोण असेल, पाणी कुणाला आणि कशाच्या बदल्यात मिळेल, यावर कादंबरी का नाही? मला ती आज वाचायची आहे.

विज्ञान शिक्षक, हिंगोली
ताई, किल्लारीवर आणि दुष्काळावर आपल्याकडे साहित्य आहे. त्यात चार यंत्रं घातली म्हणजे विज्ञान कादंबरी होत नाही. परभणीकरांनी ‘समजावणारी नको’ म्हटलं, त्यालाही माझा विरोध आहे. औंढा नागनाथजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले तरंग) टिपणारी वेधशाळा होतेय, केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. गुरुत्वीय लहर गेली की त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो टिपायचा! हे नीट न सांगता त्या गावातल्या माणसाची गोष्ट कशी लिहाल? समजावणं हा दोष नाही, कंटाळवाणं समजावणं हा दोष आहे.

परभणीकर
सर, हे मान्य. पण समजावण्यासाठी पात्रं नुसती प्रश्न विचारायला उभी केलेली असतात, त्याचा मला राग आहे. लायगोसाठी जमीन गेलेला शेतकरी आणि तिथं नोकरीला लागलेली त्याची पोरगी रात्री जेवताना काय बोलतील, तिथून सुरुवात करा. प्रोटॉन आपोआप येईल.

पुस्तकवाला, औरंगपुरा
दुकानदार म्हणून बोलतो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हातोहात जातात. विज्ञान कादंबरीच्या दोन प्रती ठेवल्या तर वर्षभर धूळ खातात, म्हणून तिसरी मी मागवत नाही. प्रकाशकही हेच बघून छापतात. ‘नवीन मिळत नाही’ म्हणणारे किती जण नाव नोंदवून पुस्तक मागवतात?

लातूरची वाचक
काका, जी कादंबरी आली हेच कळत नाही तिचं नाव आम्ही नोंदवायचं कसं? कपाटावर ‘विज्ञान कादंबरी : प्रौढ’ अशी एक पट्टी लावा, दोन प्रती का असेनात, पण समोर दिसू द्या. ग्रंथालयांनीही ‘प्रेषित’ बालविभागातून उचलून कादंबऱ्यांत ठेवावी, त्याला अनुदान लागत नाही. परभणीकर दादा, तुमच्या ग्रंथालयात वाचकांच्या मागणीची वही असेल, त्यात हे लिहून सही करा. मी लातूरला लिहिते.

गोदाकाठ, नांदेड
लिहा, पण त्याच वहीत दिवाळी अंकही मागा. कादंबरीकार तिथूनच येणार, हे माझं मत कायम आहे.