टॉम डिले यांना न्यायालयाने निर्दोष ठरवले, मग आचार समितीने समज कशाबद्दल दिली होती?

प्रश्न:
अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन पक्षाचे माजी सभागृह नेते टॉम डिले यांच्याविषयी वाचताना माझा गोंधळ उडाला आहे. २००४ मध्ये गृहाच्या आचार समितीने त्यांना समज दिली, २०१० मध्ये टेक्सासमधील ज्युरीने त्यांना दोषी धरले, पुढे तीन वर्षांची कैद सुनावली गेली आणि अखेर वरच्या न्यायालयांनी ती शिक्षाच रद्द केली. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव आचारभंगाच्या चर्चेत अजूनही का निघते, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

प्रतिसाद १:
आपण दोन निरनिराळी प्रकरणे एकत्र केली आहेत. खटला होता तो पैशांचा. डिले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या राजकीय समितीने २००२ मध्ये कंपन्यांकडून मिळालेले १,९०,००० डॉलर पक्षाच्या राष्ट्रीय समितीकडे पाठवले आणि तेवढीच रक्कम तेथून टेक्सास विधिमंडळाच्या सात उमेदवारांना मिळाली. त्या राज्यात उमेदवारांना कंपन्यांचा पैसा घेता येत नसल्यामुळे सरकारी वकिलांनी याला मनी लाँडरिंग म्हटले. परंतु हा पैसा मुळात गुन्ह्यातून आला होता हेच सिद्ध होत नाही, असे अपील न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आणि पुढच्या वर्षी तो निकाल कायम झाला.

समितीने दिलेली समज या खटल्याबद्दल नव्हतीच. २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे तीनच्या सुमारास मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठ नागरिकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) विधेयकावर मतदान सुरू झाले. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारे ते मतदान, संख्या जमत नाही असे दिसताच जवळजवळ तीन तास चालू ठेवण्यात आले. मिशिगनचे रिपब्लिकन प्रतिनिधी निक स्मिथ त्या वेळी निवृत्त होणार होते आणि त्यांचा मुलगा त्याच जागेसाठी उभा होता. ‘तुम्ही बाजूने मत द्या, मी मुलाला पाठिंबा देतो,’ अशा आशयाचा प्रस्ताव डिले यांनी सभागृहातच त्यांच्यापुढे ठेवला. स्मिथ बधले नाहीत, तरीही विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी पार पडले. फौजदारी न्यायालयापुढे हे कधी आलेच नाही, मग तेथून मिळालेल्या निर्दोषत्वाने ते धुतले कसे जाणार?

प्रतिसाद २:
हे चित्र मला एकतर्फी वाटते. आचार समितीकडे पुढची तक्रार करणारे टेक्सासचे डेमोक्रॅट प्रतिनिधी ख्रिस बेल यांची जागा डिले यांनी रेटलेल्या मतदारसंघ-पुनर्रचनेमुळेच गेली होती, आणि तक्रारीत अतिशयोक्ती केल्याबद्दल समितीने बेल यांनाही सुनावले होते. खटला भरणारे सरकारी वकील रॉनी अर्ल हे डेमोक्रॅट होते. यात सूडाचा भाग नव्हता असे कोण म्हणेल?

प्रतिसाद ३:
सूड असेलही, पण समितीत दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान होते आणि तिचे निर्णय एकमताने झाले. बेल यांच्या तक्रारीतील दोन मुद्द्यांवर डिले यांना समज मिळाली: ऊर्जा विधेयक विचाराधीन असताना एका वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांसह गोल्फच्या निधिसंकलन कार्यक्रमात सहभागी होणे, आणि गणसंख्या मोडण्यासाठी टेक्सासबाहेर निघून गेलेल्या डेमोक्रॅट आमदारांचा माग काढण्याकरिता संघराज्याच्या विमानवाहतूक खात्याला कामाला लावणे.

मला त्याहून गंभीर वाटते ते नंतरचे. पूर्वी प्रतोद असल्यापासून ‘हातोडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नेत्यासाठी नोव्हेंबर २००४ मध्ये पक्षाने आपला नियमच बदलला, जेणेकरून आरोप निश्चित झाले तरी नेतेपद सोडावे लागू नये. पुढे समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष जोएल हेफ्ली यांनाही बदलण्यात आले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. म्हणजे समज मिळूनही पदाला धक्का लागला नाही?

प्रतिसाद ३:
नाही. समज म्हणजे एक पत्र. त्यावर गृहाचे मतदान होत नाही. मात्र तो बदललेला नियम ओरड झाल्यावर जानेवारी २००५ मध्ये पूर्ववत करावा लागला, आणि २८ सप्टेंबर रोजी टेक्सासच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोप ठेवताच डिले यांना सभागृह नेतेपदावरून बाजूला व्हावे लागले, ते त्याच नियमाने. पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला पोलिसांनी काढलेल्या छायाचित्रात ते कोटाला खासदारकीची पिन लावून मनमोकळे हसताना दिसतात.