चौघांची खिचडी शिजेल असं हलकं भांडं कोणतं? (मदत हवी आहे)

मंडळी, मी लातूरचा. आम्ही चार मित्र दर हिवाळ्यात एखादा किल्ला करतो. यंदा डिसेंबरात हरिश्चंद्रगड, दोन मुक्काम, सगळं सामान पाठीवर. तंबू आणि अंथरूण-पांघरूण उरकलंय, अडलंय ते भांड्यांवर. गडावर पिठलं-भाकरी मिळते हे ठाऊक आहे, पण आम्हाला स्वतः रांधायची हौस आहे, त्याला इलाज नाही.

आधी मागचा घोळ सांगतो. गेल्या वर्षी सोयगावकडचा वेताळवाडी केला. मुक्काम पायथ्याच्या शेतात, मालकाला विचारून. ऑनलाइन मागवलेला 'ट्रेकिंग सेट' सोबत होता: नॉनस्टिकची दोन भांडी, एक तवली, घडीच्या मुठी. तीन दगड मांडून चूल पेटवली आणि पहिलीच खिचडी खाली लागली. वरचे तांदूळ कच्चे, बुडाशी कोळसा. एकानं चमच्यानं खरवडलं तर काळे पापुद्रे खिचडीत तरंगायला लागले. मुठीवरचं रबर वितळलं ते वेगळंच. शेवटी आईनं "असू द्या" म्हणून बांधलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झोपलो. विकणाऱ्याकडं तक्रार केली तर उत्तर आलं, सेट पाणी उकळण्यासाठी आहे.

माझं कोडं इथंच आहे. कुठंही वाचा, टायटॅनियम घ्या म्हणतात. पण ती मंडळी पाणी उकळून पाकिटात ओततात आणि जेवतात. आमचा बेत खिचडी, पिठलं, येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आमटी, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला. हे सगळं ढवळत, मंद आचेवर व्हायचं.

परवा गोलाईत (आमच्या लातूरची बाजारपेठ) भांड्यांच्या दुकानात गेलो. म्हटलं, तीन लिटरचं भगुणं द्या, पण हलकं. दुकानदारानं वर पाहिलं. "आहेराला द्यायचंय का?" म्हटलं, नाही हो, स्वतःला वापरायचंय. "मग हलकं कशाला? भांडं कसं, हाताला लागलं पाहिजे." आणि काट्यावर एकेक जड भगुणं ठेवायला लागला. किलोच्या भावानं विकणाऱ्याला हलकं मागणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय.

तर विचारायचं ते असं: जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) घ्यावं, स्टीलचं की पैसे साठवून टायटॅनियम? घरचा दोन लिटरचा कुकर न्यावा का? तो काट्यावर एक किलो दोनशे भरला. चूल नाही, यंदा गॅसची शेगडी नेणार आहोत.

प्रतिसाद (परभणीहून)

टायटॅनियम विसरा, निदान खिचडीसाठी. स्टीलपेक्षा ते हलकं खरं, घनता साडेचारच्या आसपास, स्टीलची आठच्या जवळ. पण ॲल्युमिनियम 2.7 आहे, हे कुणी सांगत नाही. टायटॅनियमची भांडी हलकी होतात ती पत्रा अगदी पातळ ठेवूनही मजबूत राहतो म्हणून. आणि तोच पातळ पत्रा तुमची खिचडी जाळतो. उष्णता पसरवायला ते स्टीलइतकंच मठ्ठ आहे. ज्योत लागते तेवढाच गोल तापतो, कडेचं थंड. ॲल्युमिनियम त्यांच्या दहापट तरी उष्णता पसरवतं. म्हणून पिठल्याला तेच.

एकटा असाल, चहा आणि मॅगी एवढंच असेल, तर टायटॅनियमचा मग झकास. फक्त दुहेरी भिंतीचा मग आचेवर ठेवू नका, आत कोंडलेली हवा फुगून तो फुटतो.

प्रतिसाद (अंबाजोगाईहून)

दादा, नॉनस्टिकचं तुम्हीच पाहिलंत. रिकामं भांडं सरपणाच्या जाळावर 260 अंशांच्या वर सहज जातं, तिथून तो थर बिघडायला लागतो. पुन्हा घेऊ नका.

'हार्ड ॲनोडाइज्ड' म्हणून काळपट राखाडी भांडी मिळतात, ती बघा. ॲल्युमिनियमच आहे, पण वरचा ऑक्साइडचा थर विजेच्या प्रक्रियेनं जाड आणि कठीण केलेला. चमच्यानं खरवडलं तरी पापुद्रे निघत नाहीत. एकच पथ्य: राखेनं घासू नका. राख खारी असते, तो थर खाते. साबण आणि काथ्या पुरे.

साधं जर्मनचं घेतलंत तरी बिघडत नाही. फक्त येसराच्या आमटीत चिंच घातली असेल तर ती रात्रभर भगुण्यात ठेवू नका. आंबटानं धातू उतरतो. रात्रीच संपवा.

मूळ धागाकर्ता

ताई, राखेचं बरं झालं सांगितलंत. आमच्याकडं आजी राखेशिवाय भांडं घासूच देत नाही, पहिल्याच दिवशी वाट लागली असती.

कुकरचं कुणीच बोललं नाही?

प्रतिसाद (नांदेडहून)

कुकर नेऊ नका. साधारण तीनशे मीटर चढलं की पाणी एक अंश लवकर उकळतं. हरिश्चंद्रगड 1424 मीटर, म्हणजे तिथं पाणी 95 अंशांच्या आसपास उकळेल. हिमालयात कुकरावाचून डाळ शिजत नाही म्हणतात ते इथं लागू नाही. तूरडाळ सोडा, मुगाची घ्या, गड चढून टेकलात की तांदळासोबत भिजत घाला. खिचडीला एक सणसणीत उकळी, पाच मिनिटं मंद आच, मग झाकण दाबून भगुणं वाकळीत गुंडाळून ठेवा. वाकळ नसेल तर टॉवेल आणि स्वेटर. वीस-पंचवीस मिनिटांनी उघडा. खाली लागायचा प्रश्नच नाही, कारण खाली जाळच नाही. गॅसही वाचतो.

शेगडीबद्दल दोन शब्द. गॅसच्या नळकांड्याच्या थेट डोक्यावर बसणारी शेगडी असेल तर तिच्यावर तीन लिटरचं भरलं भगुणं डुगडुगतं. चौघांसाठी रबरी नळीची, जमिनीवर पाय पसरून बसणारी शेगडी घ्या किंवा उसनी आणा. आणि वारा अडवायला पत्र्याचा आडोसा नळकांड्याभोवती गच्च लावू नका, ते तापून फुटू शकतं. नळीची शेगडी असली की आडोसा फक्त ज्योतीभोवती लावता येतो. नगरपर्यंत रेल्वेनं जाणार असाल तर नळकांडं सोबत नेता येत नाही, ते आधी ठरवा. चूल तिथं मांडू नका, गड अभयारण्यात येतो.

प्रतिसाद (परभणीहून)

एक राहिलं. मुठीचं भांडं शोधत बसू नका, मुठी आधी तुटतात. बिनमुठीचं भगुणं आणि एक सांडशी. झाकण म्हणून आतल्या काठावर घट्ट बसेल अशी स्टीलची ताटली, तीच जेवायलाही. दुसरं छोटं भांडं पहिल्याच्या आत बसणारं, चहाला. त्याच्या आत मसाल्याच्या पुड्या, कांदे, काडेपेटी. रिकामी जागा पाठीवर वाहू नका.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल पुन्हा गोलाईत गेलो, दुसऱ्या दुकानात. वजनाचं बोललोच नाही, नुसतं म्हटलं जर्मनचं भगुणं दाखवा. वीस सेंटीमीटर तोंडाचं, तीन लिटरचं मिळालं, 390 ग्रॅम. त्याच मापाचं स्टीलचं 640 होतं. ॲनोडाइज्ड त्या मापात इथं नव्हतं, आता थांबत नाही.

रात्री गच्चीवर पिठलं करून पाहिलं. नांदेडकरांची वाकळीची युक्ती पिठल्याला चालत नाही, गुठळ्या होतात, ते ढवळतच करावं लागतं. पण खाली लागलं नाही. खिचडी रविवारी.

सांडशी मात्र घरातली नेऊ देत नाहीत. ती हलकी मिळते का कुठं? आमची एकटीच 180 ग्रॅम भरली.